आमच्या घरी नको

देवळालीत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तोफ सुटली आणि माझ्या हातातलं दुधाचं पातेलंही सुटलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीच्या काचा थरथरल्या, मांडणीवरची हळदीची डबी खाली पडली, आणि मी ओट्याला धरून बसले. तोंडातून एकच निघत होतं, “देवा, आमच्या घरी नको. आमच्या घरी नको.” आमचं घर तिथून कुठच्या कुठे, भंडाऱ्याच्याही पलीकडे. देवळालीचा गोळा तिथवर जायचा नाही, हे आठवीत शाळा सोडलेल्या बाईलाही कळतं. पण माझं हे लहानपणापासूनचं आहे. गावात कुठे रडणं ऐकू आलं, अवेळी फोन वाजला, ॲम्ब्युलन्स गेली, की आधी हेच ओठांवर येतं.

“दूध सांडलं का?” आतून आवाज आला.

“हो, बाई.”

“मग पुसून घे. लष्कराची पोरं तोफा डागायला शिकतायत तिकडे माळावर. बारापर्यंत चालेल. उद्याही चालेल. रोज दूध सांडायचं म्हटलं तर दारात म्हैस बांधावी लागेल, गो.”

आमचं पहिलं धड बोलणं ते एवढंच.

कॅम्पातले सगळे त्यांना मेट्रन बाई म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढे. उभं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, शेवटी मेट्रन झाल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून हातात काठी आली आणि घरात कुणीतरी असणं गरजेचं झालं. माझा नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत भट्टीवर लागला होता. तिथे तो गावाकडच्या चौघांबरोबर एका खोलीत राहायचा, त्यात मला कुठली जागा? कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं मला बाईंकडे राहून काम मिळालं. मुलगी गावी माझ्या आईजवळ. तीन माणसं तीन गावांत, आणि माझा जीव तिन्हीकडे टांगलेला.

बाई यहुदी होत्या, बेने इस्राएल. हा शब्दही मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. त्यांचे पूर्वज अलिबागेकडचे, तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. दाराच्या चौकटीवर एक बारीक नळी तिरपी ठोकलेली होती, आत त्यांच्या पोथीतलं वचन. आत-बाहेर करताना बाई तिला बोट लावायच्या आणि ते बोट ओठांना. भिंतीवर एकच तसबीर होती: आगीचा रथ, आगीचे घोडे, आत पांढऱ्या दाढीचा म्हातारा. सूर्यनारायण समजून मी आठ दिवस रोज हात जोडले. नवव्या दिवशी जास्वंद वाहिलं.

बाईंनी फूल पाहिलं. “हे कुणाला?”

“सूर्यदेवाला.”

“एलियाहू हन्नाबी आहेत ते. आमचे नबी, देवाचा निरोप आणणारे. जिवंतपणी रथात बसून वर गेले.” मला वाटलं आता रागावतील. पण त्यांनी हात पुढे केला. “आम्ही तसबिरीला फूल वाहत नाही. आण इकडे.” आणि ते अंबाड्यात खोवून दिवसभर मिरवलं.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी त्या काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल घालून वात लावायच्या. डोळ्यांवर हात धरून काही म्हणायच्या, आणि त्या घटकेपासून शनिवार संध्याकाळपर्यंत घर जणू दुसऱ्याच कुणाचं होऊन जायचं. विस्तव नाही, लिहिणं नाही, गाडीत बसणं नाही. मोबाईल कपाटात, कपाटाला कुलूप. जेवण शुक्रवारीच करून ठेवलेलं. पहिल्या शुक्रवारी त्या हात-तोंड धुवायला गेल्या आणि मी तो दिवा पाहिला. वर पडदा, खाली लाकडी मेज. माझा जीव घाबरला. मी वात चिमटीत धरून दिवा शांत केला.

बाई बाहेर आल्या. दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“आग लागली असती, बाई.”

“पन्नास वर्षं नाही लागली.”

“परत लावू?”

“मी लावायचा नाही, आणि लाव म्हणून तुला सांगायचंही नाही. शब्बाथ सुरू झाला.” मग काठी टेकत खुर्चीत बसल्या. “आज एवढाच उजेड द्यायचा होता त्यानं. बस इथं. तुझ्या गावात तलाव किती, ते सांग.”

मोरीतल्या बल्बचा काय तो उजेड होता. मी तलाव सांगत गेले, बाई ऐकत गेल्या. माझी आईसुद्धा म्हणते, देवाच्या मनात असेल तसं होईल. पण ती ते कपाळावर हात मारून म्हणते. बाई तेच वाक्य चहात साखर ढवळल्यासारखं म्हणायच्या. हे मला नवीन होतं, आणि खरं सांगते, तेव्हा थोडं खोटंही वाटलं. एकटं म्हातारं माणूस, ज्याला गमवायला काही उरलं नाही, त्याला हे सोपं असणार, असं मी मनात म्हणाले होते.

शनिवारी त्या देवाकडे काही मागत नसत, हेही मला हळूहळू कळलं. स्तुती करायची, आभार मानायचे, पण मागायचं नाही.

“दुखत असलं तरी?” मी विचारलं.

“तरी. सहा दिवस त्याच्या कानाशी आपली कटकट असतेच. एक दिवस त्या कानाला सुट्टी.”

पहिल्या हिवाळ्यात मी ट्रंकेतले कपडे उन्हात घातले. तळाशी एक पांढरा युनिफॉर्म होता, जुना, मऊ पडलेला. उजव्या बाजूला कॉलरपासून खाली वीतभर फाटलेला, आणि तो फाटा असा शिवलेला की मला बघवेना. टाके कुठे लांब, कुठे आखूड, धागा जाड, गाठी वर आलेल्या. शाळा सुटल्यावर मी गावातल्या शिलाईच्या दुकानात सहा वर्षं काढली. काज, बटण, तुरपाई, आणि रफू. रफूत माझा हात असा बसला होता की मालक शालू माझ्याकडे द्यायचे. बाईंनी मला ठेवून घेतलं, जेवू घातलं, तापात माझ्या उशाशी बसल्या. त्यांच्यासाठी आपण काय केलं? मी ती शिवण उसवली. त्याच कापडाच्या खालच्या दुमडीतून धागे ओढून काढले आणि दोन दुपारी खपून फाटा असा भरला की उजेडात धरला तरी दिसू नये.

इस्त्री करून युनिफॉर्म बाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी उजव्या कॉलरवरून बोटं फिरवली. एकदा. परत एकदा. मग चष्मा लावला, पुन्हा शोधलं.

“इथे फाटलेलं होतं.”

“होतं!” मी खुशीत होते. “आता शोधून दाखवा.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. नंतर म्हणाल्या, “हात चांगला आहे तुझा.” युनिफॉर्मची घडी घातली आणि स्वतः उठून ट्रंकेत ठेवायला गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. आपलं काहीतरी चुकलं एवढंच मला समजलं. काय, ते विचारायची छाती झाली नाही.

त्यानंतर दुसरा उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. शनिवार होता, सकाळचे अकरा. तोफा चालू होत्या, आणि आता मला त्यांची इतकी सवय झाली होती की हात न थांबवता मी पोळ्या वाढत होते. माझा फोन वाजला. सिन्नरच्या खोलीतला, नवऱ्याबरोबर राहणारा एकजण होता.

“वहिनी, कंपनीत भट्टी फुटली. माही आज सुट्टी होती. आतले लोक गाडीत घालून नाशिकला नेऊन रायले. कोणकोण हाय ते माहीत नाई. त्याचा फोन लागून नाई रायला.”

पहिल्या पाळीला माझा नवरा भट्टीवरच असायचा. मी त्याचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी तसबिरीसमोर गेले, आता तिथे सूर्यदेव नाही हे माहीत असूनही, आणि हात जोडून सुरू झाले, “देवा, त्यांना काही झालेलं नको. आमच्या घरी नको. दुसरं कुणीही असू दे, आमचा माणूस नको.”

“थांब.”

बाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वॉर्डात चालायचा तो आवाज असणार.

“असं मागू नको.”

“आज शनिवार तुमचा आहे, बाई, माझा नाही!” मी ओरडलेच.

“शनिवारचं नाही बोलत मी. बस.” त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. “जे व्हायचं ते तासापूर्वी होऊन गेलंय. कोण वाचलं, कोण नाही, ते ठरलं. आता ‘आमचं नको’ म्हणजे काय मागतेस तू? झालेलं पुसून टाक, नाहीतर शेजारच्या घरी टाक. आमच्या जुन्या शास्त्र्यांनी सांगून ठेवलंय. गावात शिरताना आरडाओरडा ऐकू आला तर ‘माझ्या घरातला नसो’ म्हणू नये. ती वाया गेलेली प्रार्थना.”

“मग काय म्हणू?”

“जे असेल ते उचलायला बळ दे म्हण. तेवढं अजून व्हायचं आहे.”

आणि माझा हात धरूनच, भराभर, औषधाची वेळ सांगावी तशा त्या म्हणाल्या, “तो युनिफॉर्म. मी ड्यूटीवर होते. अपघाताची केस आली, वीस-बावीसचा मुलगा, लाल मोटरसायकल. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून हेच म्हटलं होतं, माझा नको, दुसरीचा असू दे. माझाच होता. माझे वडील आले. आमच्यात जवळचं माणूस गेलं की अंगावरचं कापड फाडतात, आणि उभं राहून म्हणायचं असतं, खरा न्याय करणारा तू, तू धन्य. मी म्हणाले. दात आवळून म्हणाले. तोंडानं त्या दिवशी म्हटलं, मनाला तिथवर यायला बारा वर्षं लागली. पण मुलगा गेला त्याच्याबरोबर एक दुसरंही टोचत राहिलं. मी दुसऱ्या आईचा मुलगा मागितला होता.”

माझं रडणं तिथेच थांबलं. सोपं असणार असं ज्यांच्याबद्दल मी म्हटलं होतं, त्यांच्या मांडीवर मी तो बेमालूम रफू नेऊन ठेवला होता, आणि वर ‘शोधून दाखवा’ म्हणाले होते.

बाई उठल्या. गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, मोबाईल बाहेर काढला आणि चालू केला. दोन वर्षांत शनिवारी त्या यंत्राकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नव्हतं. 

“बाई, शब्बाथ!”

“जिवाचा प्रश्न असला की शब्बाथ बाजूला. तो मोडायचा, आणि मोडताना थांबायचंही नाही.” नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेली एक सिस्टर होती. तिला फोन लावला. भाजलेले पाच जण आलेत, नावं अजून लिहून झाली नाहीत, एवढं कळलं. मग कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला फोन. “माझी काठी दे. तिथले कागद इंग्रजीत असतात, तू काय वाचणार? चल.”

रिक्षा नाशिकरोडमार्गे निघाली. मी वाटभर पुटपुटत होते, बळ दे, बळ दे. मधूनच जीभ घसरून जुन्या वाटेवर जायची, आणि बाई माझ्या मनगटावर एक बोट आपटायच्या. त्यांना कसं कळत होतं कोण जाणे.

नवरा जिवंत होता. उजवा हात कोपरापर्यंत कापसात गुंडाळलेला, भुवया जळालेल्या, तोंड काळवंडलेलं. मला बघून म्हणाला, “काई नाई झालं वं. हात जरासा भाजला. तू कायले आली एवढ्या उन्हात?” मी त्याच्या पायाशी डोकं टेकलं. डॉक्टरांनी कागद पुढे केला. बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि मला समजावून सांगितला: दोन बोटं वाचतील असं दिसत नाही, ऑपरेशन करावं लागेल. “सही तू कर. मी आज लिहीत नाही.” एवढ्या गडबडीतही जे मोडायची गरज नव्हती ते त्यांनी मोडलं नाही.

त्याला आत नेलं. मी बाकावर बसून देवाचे आभार मानत होते, दोन बोटं घे, हात घे, पण माणूस ठेवलास. आणि त्याच वेळी समोरचं दार उघडलं. कंपनीचा कुणी माणूस खाली मान घालून बाहेर आला आणि समोरच्या बाकावरच्या बाईला काहीतरी बोलला. माझ्याच वयाची होती, बिहारकडची, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिनं जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. भट्टी फुटली त्याच बाजूला तिचा माणूस होता. तो गेला.

दुसरं कुणीही असू दे, असं मी म्हणाले होते. ते दुसरं कुणी हे होतं. माझ्या म्हणण्यानं काही घडलं नव्हतं, ते आधीच होऊन गेलं होतं, बाईंनीच सांगितलं होतं. तरी आभाराचे शब्द माझ्या तोंडात मातीसारखे झाले. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

बाई उठल्या. काठी टेकत कॉरिडॉर ओलांडला आणि तिच्या शेजारी बसल्या. ओठ हलले. ‘खरा न्याय करणारा तू’, ते शब्द आता मला माहीत होते. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. डोक्यावरून हात नाही, ‘रडू नको’ नाही, ‘देवाची मर्जी’ नाही. नुसत्या बसून राहिल्या. दुःखातला माणूस आपणहून बोलेपर्यंत बाकीच्यांनी बोलायचं नाही, अशी त्यांच्यात रीत आहे, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. तास गेला असेल. ती बाई मान वर करून म्हणाली, “अम्मा, अब क्या होगा?”

“पता नहीं, बेटी,” बाई म्हणाल्या.

एवढंच. आणि ती बाई त्यांच्या खांद्यावर कोसळली. मी आयुष्यात बरीच देवळं पाहिली आहेत, तीर्थाच्या गावाजवळच राहते, पण अंगावर काटा आला तो त्या बाकाकडे बघून. जिचा देवावर एवढा विश्वास, तिनं देवाच्या वतीनं एक शब्द दिला नाही. धीराचासुद्धा नाही.

चार वाजता ऑपरेशन झालं, नवऱ्याला वॉर्डात आणलं. मी म्हटलं, “बाई, रिक्षा बोलावते, तुम्ही घरी जा. तुमची औषधं राहिली.”

“येताना जिवाचा प्रश्न होता. जाताना कसला? माझ्या पाठीचा. पाठीसाठी शब्बाथ मोडत नाहीत.”

“मग?”

“संपेपर्यंत बसते.”

त्या बसल्या. लोखंडी बाकावर, मोडलेल्या खुब्यानिशी, पिशवीतली कालची पोळी खात. सूर्य मावळल्यावर म्हणाल्या, “बाहेर जाऊन तारे बघून ये. तीन दिसले की सांग.” मी फाटकाशी गेले. नाशिकच्या दिव्यांत तारे कुठले दिसायला! एक दिसला. मग दुसरा. तिसरा दिसला म्हणून धावत आत आले, तर बाई म्हणाल्या, “हलत नव्हता ना?” हलत होता. विमान होतं ते. “परत जा,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. तिसऱ्या खऱ्या ताऱ्यानंतरच मेट्रन बाई रिक्षात बसल्या.

महिन्याभरानं नवऱ्याला बाईंच्याच घरी आणलं. त्याला बाहेरच्या खोलीत खाट दिली. त्या त्याच्याकडून चेंडू दाबून घेतात आणि तीन बोटांनी पोळी तोडायला लावतात. तो कुरकुरला की म्हणतात, “रडून घे, मग परत दाब.” त्या बिहारच्या बाईचा काही पत्ता मला लागला नाही. ती गावी गेली एवढंच कळलं.

एका दुपारी मी ट्रंक उघडून युनिफॉर्म बाहेर काढला, सुई घेतली आणि बाईंपुढे बसले. “बाई, माझी चूक झाली होती. मी रफू उसवते. तुमचा धागा जाड होता, तसाच आणलाय. होतं तसं करून देते.”

त्यांनी युनिफॉर्म हातात घेतला. उजव्या बाजूला बोट फिरवलं.

“तीस दिवसांनी शिवायला परवानगी असते आम्हाला,” त्या म्हणाल्या. “मी शिवलं, पण मुद्दाम वेडंवाकडं. हाताला लागत राहावं म्हणून. तू आलीस आणि पुरं केलंस.” त्यांनी युनिफॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. “आता ते उसव म्हणणं म्हणजे कॉरिडॉरमधली तीच प्रार्थना झाली, गो. झालेलं होऊ नये. ठेव ती सुई.”

“पण तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात.”

“नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवले.”

बाहेर तोफा सुरू झाल्या. खिडकीच्या काचा थरथरल्या. मी युनिफॉर्मची घडी घालत होते, तेवढ्यात कपाटाजवळ ठेवलेला माझा फोन वाजला. गावाकडचा नंबर, आईची वेळ नव्हती. ओठांवर आलंच, देवा, आमच्या... एवढ्यावर मी ते दाताखाली धरलं. बाई बघत होत्या. खाटेवरचा नवराही चेंडू दाबायचा थांबला होता.

फोन उचलला.

“आई,” पलीकडून माझी मुलगी म्हणाली, “आजीनं विचारलं, बाबाले आता भाकर तोडता येते का?”